वाचकांचे प्रश्न : कपाशीचे अंतर चार बाय दीड, तीन बाय एक की तीन बाय अर्धा?

मृग तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो आणि सरकी किती अंतरावर टोबावी हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. यंदा दाट लागवडीची चर्चा गावोगावी झाल्यामुळे अशी पत्रे अधिक आली असून, या अंकातील सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. जमीन आणि पाणी यांचा उल्लेख मात्र मुद्दाम ठेवला आहे, कारण त्यावाचून अंतराच्या कोणत्याही उत्तराला अर्थ राहत नाही.

प्रश्न : माझी सेलू तालुक्यात मध्यम प्रतीची कोरडवाहू जमीन आहे आणि मी अनेक वर्षांपासून बीटी कपाशी चार बाय दीड फुटांवर लावतो. माझ्या झाडाला चाळीसच्या आसपास बोंडे लागतात. शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी तीन बाय एक फुटावर लावली, त्यांच्या झाडाला वीस-बावीसच बोंडे होती, तरीही एकरी कापूस त्यांचा जास्त निघाला. हे कसे घडले आणि मी अंतर बदलावे काय?
(एक वाचक, जि. परभणी)

उत्तर : आपल्या प्रश्नातच त्याचे निम्मे उत्तर आहे, कारण आपण झाडावरची बोंडे मोजली आणि शेजाऱ्यांनी एकरातला कापूस मोजला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार बाय दीडवर, म्हणजे दोन ओळींत चार आणि ओळीतील दोन झाडांत दीड फूट ठेवल्यावर, प्रत्येक झाडाच्या वाट्याला सहा चौरस फूट जागा येते आणि एकरात ७,२६० झाडे बसतात. तीन बाय एकवर तीन चौरस फूट आणि १४,५२० झाडे. तीन बाय अर्ध्यावर दीड चौरस फूट आणि २९,०४० झाडे. कोरडवाहू पिकात एका बोंडातून सरासरी चार ग्रॅम कापूस मिळतो असे धरले, तर शेताच्या प्रत्येक चौरस फुटावर एक बोंड फुटल्यास एकरी सुमारे १७४ किलो कापूस होतो. एकरी दहा क्विंटल हवे असतील तर प्रत्येक चौरस फुटामागे पावणेसहा बोंडे लागतात. आपल्या अंतरावर त्यासाठी प्रत्येक झाडाने चौतीस ते पस्तीस बोंडे पोसली पाहिजेत, शेजाऱ्यांच्या अंतरावर सतरा आणि तीन बाय अर्ध्यावर आठ ते नऊ.

हिशेब येथे संपत नाही, कारण चौतीस बोंडे आणि सतरा बोंडे यांतील खरा फरक दिवसांचा आहे आणि मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीत दिवसच मोजके असतात. कपाशीला लागवडीनंतर साधारण साठ दिवसांनी फूल दिसू लागते. मुख्य खोडावर खालून वर चढताना एका फळफांदीनंतर दुसऱ्या फळफांदीवर पहिले फूल यायला सुमारे तीन दिवस लागतात. मात्र त्याच फळफांदीवर आतून बाहेर जाताना एका पेऱ्यावरून पुढच्या पेऱ्यावर फूल यायला सुमारे सहा दिवस लागतात. फुलापासून बोंड फुटेपर्यंत आणखी पंचेचाळीस ते पन्नास दिवस जातात. जूनच्या अखेरीस लागवड झाली असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून फुले सुरू होतात. पात्या (फुलाच्या कळ्या), फुले आणि कोवळी बोंडे यांतील काही नैसर्गिकरीत्याच गळतात, हे गृहीत धरूनही दहा-बारा फळफांद्यांच्या पहिल्या दोन पेऱ्यांवर सतरा बोंडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बसू शकतात. चौतीस बोंडांसाठी झाडाला तिसऱ्या-चौथ्या पेऱ्यापर्यंत जावे लागते आणि बुंध्याजवळून निघणाऱ्या गळफांद्यांवरही अवलंबून राहावे लागते, ज्यांच्यावर फळफांद्या फुटून फूल यायला मुळातच उशीर होतो.

आता पावसाकडे पाहा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून आपल्या भागातून परततो आणि त्यानंतर पीक जमिनीतील ओलीवर जगते. भारी काळ्या जमिनीत ती ओल पुढेही बराच काळ पुरते, मध्यम जमिनीत ती लवकर संपते. त्यामुळे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लागलेली बोंडे मध्यम जमिनीत लहान राहतात, कवडी म्हणजे अर्धवट फुटलेली होतात किंवा गळतात, आणि जी टिकतात ती नेमकी गुलाबी बोंडअळीच्या वाट्याला जातात, कारण या अळीची संख्या हंगामाच्या शेवटी वाढते. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात या अळीने किती नुकसान केले, हे आपणा सर्वांना आठवते. आपल्या झाडावरची चाळीस बोंडे मोजताना त्यांतील किती पूर्ण फुटली आणि किती वेचणीस योग्य निघाली, हे यंदा वेगळे मोजून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शेजाऱ्यांची वीस-बावीस बोंडे लवकर लागली, मुख्य खोडाजवळ लागली, म्हणून वजनदार राहिली आणि ओल असतानाच पोसली गेली. त्यांच्या जास्तीच्या कापसाचे कारण मला तरी याहून निराळे दिसत नाही.

मग इतकी वर्षे आपण विरळ का लावत आलो, असा प्रश्न साहजिकच पडतो. १९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४ हा संकरित वाण आला. संकरित बियाणे एकेक फूल हाताने खुडून आणि परागीकरण करून तयार करावे लागते, त्यामुळे ते महाग असते. महाग सरकी पुरवून वापरायची आणि बैलांच्या औताने उभी-आडवी कोळपणी करायची, या दोन गरजांतून तीन बाय तीन, चार बाय चार अशी चौफुली रूढ झाली. तो निर्णय त्या काळच्या खर्चाला धरून योग्यच होता. पण ती कपाशीची स्वतःची गरज होती असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हेक्टरी लाखाच्या आसपास झाडे ठेवून कपाशी घेतली जाते. अर्थात तेथे झाड बुटके ठेवले जाते, वेचणी यंत्राने होते आणि वाणही वेगळे असतात, म्हणून त्यांची संख्या जशीच्या तशी उचलणे धोक्याचे आहे.

बियाण्याचा खर्च आजही आहे, तोही पाहू. ४७५ ग्रॅमच्या पाकिटात वाणानुसार पाच हजारांच्या आसपास सरकी असते. एका ठिकाणी एकच बी टोबले तर चार बाय दीडला एकरी दीड, तीन बाय एकला तीन आणि तीन बाय अर्ध्याला सहा पाकिटे लागतात. २०२५ च्या हंगामात बीजी-२ या बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे तीन बाय एकवर जाताना सुमारे १,३५० रुपयांचा जादा खर्च येतो आणि लांब धाग्याच्या कापसाच्या २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावाने तो सतरा किलो कापसातून वसूल होतो. तीन बाय अर्ध्यावर हाच जादा खर्च चार हजारांच्या पुढे जातो आणि पन्नास किलो कापूस त्यासाठी बाजूला ठेवावा लागतो. मध्यम कोरडवाहू जमिनीत मी आपणास तीन बाय एक सुचवीन. ओळीतील अंतर फुटाच्या आत आणण्याची घाई पहिल्याच वर्षी करू नये, आणि सगळे क्षेत्रही एकदम बदलू नये. निम्मे जुन्या अंतरावर ठेवून दोन्हींचा कापूस वेचणीनिहाय वेगळा तोलावा.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण निर्णय तिच्यावर फिरतो. आपण कोणता वाण लावता? उभट, आखूड फांद्यांचा आणि १४० ते १५० दिवसांत येणारा वाण जवळच्या अंतराला साथ देतो. पसरट, १८० दिवसांचा वाण तीन बाय एकवर लावला तर ऑगस्टच्या अखेरीसच ओळी एकमेकींत शिरतील आणि दोष अंतराला दिला जाईल. बियाणे घेताना पाकिटावरचा कालावधी आणि झाडाची ठेवण यांची चौकशी करावी.

प्रश्न : घनसावंगी तालुक्यात आमची भारी काळी जमीन असून ठिबक संच आहे. गेल्या वर्षी मी दाट लागवडीचे ऐकून तीन बाय एक फुटावर कपाशी लावली. झाडे माझ्या डोक्यावर गेली, ओळीतून चालता येईना, फवारणी आत पोहोचली नाही आणि खालची बोंडे सडली. दाट लागवड आमच्याकडे चालत नाही, असे समजावे काय?
(एक युवा शेतकरी, जि. जालना)

उत्तर : आपल्याकडे जे घडले ते दाट लागवडीपेक्षा न आवरलेल्या वाढीमुळे घडले, आणि भारी जमीन, ठिबक, नत्र व जोमदार संकरित वाण हे चारही एकत्र आले की तसे घडणारच. कपाशीच्या बोंडाला बहुतांश अन्न त्याच्याच शेजारच्या पानाकडून मिळते. वरचा विस्तार दाटला आणि खालच्या पानांवर ऊन पडेनासे झाले की त्या पानांजवळची पाती व लहान बोंडे गळतात. जी टिकतात त्यांच्याभोवती दमट हवा कोंडून राहते आणि सप्टेंबरच्या झडीत ती सडतात. याचा परिणाम असा होतो की जी बोंडे सर्वांत आधी आली आणि सर्वांत भरदार झाली असती तीच हातची जातात, आणि झाड पुढची बोंडे शेंड्याकडे उशिरा लावत राहते.

नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०२३-२४ पासून आठ राज्यांत राबविलेल्या विशेष प्रकल्पात अंतराची विभागणी जमिनीच्या खोलीनुसारच केली होती: उथळ जमिनीत अतिसघन लागवड आणि मध्यम जमिनीत जवळच्या अंतरावरची लागवड. खोल काळ्या जमिनीतले बागायती पीक या दोहोंपासून वेगळे आहे. आपण दोन ओळींत पाच फूट ठेवून झाडांत एक फूट ठेवावे. एकरी ८,७१२ झाडे होतील, म्हणजे चार बाय दीडपेक्षा झाडे जास्त आणि चालायला, फवारायला वाटही मोकळी. सहा बाय एकवर झाडांची संख्या चार बाय दीडइतकीच राहते, पण हवा अधिक खेळते. ज्या शेतात कपाशी दरवर्षी डोक्याच्या वर जाते तेथे मी हेच अंतर पसंत करीन. जोडओळ पद्धतीत दोन ओळी जवळ घेऊन एकाच नळीवर भागवता येतात, त्यामुळे नळ्यांचा खर्च वाचतो आणि जोडीनंतरच्या मोकळ्या पट्ट्यातून वेचणीही सुकर होते.

तरीही आपणास जवळचे अंतर ठेवायचेच असेल, तर झाडाची उंची ओळींतील अंतराच्या फारशी पुढे जाऊ न देणे ही अट पाळावी लागेल. त्यासाठी पात्या लागण्याच्या सुमारास आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मेपिक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाची लेबलवरील मात्रेनुसार फवारणी करतात. पावसाचा खंड पडून झाडे मलूल असतील, तर ही फवारणी थांबवावी, कारण ताणात असलेल्या झाडाची वाढ आणखी रोखल्यास पाते टिकत नाही. आपल्या भागात दादा लाड तंत्र म्हणून ओळखली जाणारी पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे: सुरुवातीला गळफांद्या काढायच्या आणि पुढे ७५ ते ८० दिवसांच्या सुमारास शेंडा खुडायचा. ज्यांच्या घरी वेळेवर काम करणारे हात आहेत त्यांना ती साधते. मजुरांवर सर्वस्वी अवलंबून असणाऱ्या मोठ्या क्षेत्रावर ती वेळेत पुरी होईल याची खात्री करूनच अंतर ठरवावे. नत्राची मात्रा वाढवू नये, तर विभागून द्यावी. बागायती बीटी कपाशीसाठी हेक्टरी १५०:७५:७५ किलो नत्र, स्फुरद व पालाश ही शिफारस क्षेत्राची आहे. झाडे दुप्पट झाली म्हणून खत दुप्पट करण्याचे कारण नाही, आणि आपल्या पत्रातील वर्णनावरून मला शंका आहे की तसेच काही झाले असावे.

प्रश्न : मी स्वतः शेती पाहते. गेवराई तालुक्यात हलकी ते मध्यम जमीन आहे. लागवडीनंतर पावसाने ओढ दिली की दर वेळी खाडे पडतात, म्हणजे ओळीत रिकाम्या जागा राहतात. मी पंधरा-वीस दिवसांनी सरकी पुन्हा टोबते, पण ती झाडे कायम मागे राहतात. अंतर कमी केले तर हा त्रास कमी होईल काय?
(एक शेतकरी भगिनी, जि. बीड)

उत्तर : होय, कमी होईल, आणि माझ्या मते हलक्या जमिनीत जवळचे अंतर ठेवण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. चार बाय दीडवर एक झाड मेले की सहा चौरस फूट जागा ओसाड पडते आणि शेजारची झाडे ती पूर्ण व्यापू शकत नाहीत. तीन बाय अर्ध्यावर एक झाड मेले तर दोन्ही बाजूंची झाडे थोडी पसरून ती जागा भरून काढतात. कागदावर ७,२६० झाडे धरली आणि शेतात पाचवा हिस्सा खाडे पडले, तर उरतात ५,८०० झाडे. पुढच्या सगळ्या खर्चाचा परतावा तेवढ्याच झाडांनी द्यायचा असतो, मशागत आणि तणनियंत्रण मात्र पूर्ण एकराचे करावे लागते. सर्वत्र अंतराची चर्चा होते आणि वेचणीपर्यंत टिकलेल्या झाडांची संख्या कोणी मोजत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. लागवडीनंतर महिन्याभराने शेतात चार-पाच ठिकाणी शंभर फूट ओळ मोजून तीत प्रत्यक्ष किती झाडे आहेत ते टिपावे. तीन बाय एकवर ती शंभरच्या आसपास हवीत. ऐंशीच्या खाली आली तर आपले अंतर नावापुरतेच तीन बाय एक राहिले आहे.

पंधरा-वीस दिवसांनी टोबलेली सरकी मागे राहते, कारण तोवर शेजारच्या झाडांची मुळे आणि सावली दोन्ही तिच्या पुढे गेलेली असतात. नांग्या, म्हणजे हे खाडे, भरायच्या तर आठ-दहा दिवसांच्या आत भराव्यात. त्याहून चांगला उपाय असा, की ज्या दिवशी शेतात लागवड होईल त्याच दिवशी छोट्या प्लास्टिक पिशव्यांत माती व कुजलेले शेणखत भरून एकरी तीन-चारशे रोपे घरी तयार करावीत आणि ओल असताना ती खाड्यांत लावावीत. ही रोपे वयाने बरोबरीची असल्यामुळे मागे पडत नाहीत. त्याचबरोबर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय लागवड करू नये. खाड्यांचे मूळ बहुधा पहिल्या सरीवर केलेल्या घाईत असते. आपल्या जमिनीत हलका भाग वेगळा काढता येत असेल, तर तेथे लवकर येणाऱ्या वाणाची तीन बाय अर्धा फुटावर लागवड करून पाहण्यास हरकत नाही, कारण अशा जमिनीत झाड आपोआपच बुटके राहते आणि वाढनियंत्रकाची गरज क्वचितच पडते.

प्रश्न : दाट लागवडीत सहा पाकिटे बियाणे परवडत नाही. हिंगोली जिल्ह्यातील माझ्या बरड जमिनीवर त्याऐवजी सरळ किंवा देशी वाण लावावा काय? तो किती अंतरावर लावावा?
(एक वाचक, ता. औंढा नागनाथ)

उत्तर : बरड जमिनीसाठी आपला विचार योग्य दिशेचा आहे. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे बियाणे पुढच्या वर्षी घरचे वापरता येते, त्यामुळे झाडांची संख्या वाढवताना बियाण्याचा खर्च आड येत नाही. देशी कपाशीचे बोंड लहान असते, तिच्या झाडाला पसरायला फार जागा लागत नाही आणि ती दोन फुटांच्या ओळींत, झाडांत अर्धा ते एक फूट ठेवूनच साधते. तीच देशी कपाशी चार फुटांवर लावून उत्पादन कमी आले, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण विकसित केले असून परभणी तुराब हा त्यांतील परिचित वाण आहे. मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींना आणि पावसाच्या खंडाला देशी कपाशी चांगली तोंड देते. मात्र बीटी जनुक नसलेल्या वाणावर हिरव्या बोंडअळीवर लक्ष ठेवावेच लागेल, आणि लहान बोंडांमुळे वेचणीला मजूर अधिक लागतील. गावात देशी कापूस वेगळा घेणारा व्यापारी किंवा जिनिंग आहे काय, ही चौकशी सरकी आणण्यापूर्वी करून घ्यावी.

प्रश्न : तीन फुटांच्या ओळीत बैलांची कोळपणी किती दिवस चालते? आणि तुरीची ओळ घ्यायची असल्यास अंतरात काय बदल करावा?
(एक वाचक, जि. नांदेड)

उत्तर : तीन फुटांवर एकाच दिशेने कोळपणी होईल, चौफुलीप्रमाणे आडवी होणार नाही, म्हणून झाडांमधील तण निंदणीने काढावे लागेल, हा मजुरीचा खर्च आधीच धरावा. लागवडीपासून दीड महिन्यापर्यंत औत सहज फिरते, पुढे फांद्या मोडू लागतात, तेव्हा शेवटची पाळी त्याआधीच उरकावी. लहान ट्रॅक्टर वापरणार असाल, तर त्याच्या चाकांतील अंतर मोजल्याशिवाय ओळींचे अंतर ठरवू नये. कपाशीच्या सहा ते आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ घ्यावी. ऑक्टोबरनंतर तूर पसरते आणि लगतच्या ओळीवर सावली धरते, म्हणून तुरीच्या दोन्ही बाजूंना दोन ओळींमधले अंतर अर्ध्या ते एक फुटाने वाढवावे; मूग किंवा उडीद कपाशीच्या दोन ओळींत घेतल्यास असा बदल करावा लागत नाही, कारण कपाशी दाटण्यापूर्वीच ती पिके निघून जातात.